रौद्र नाद आणि युद्धनिषेध : ‘वॉर पिग्ज’ या रचनेचा विचार

१

युद्धाचा धिक्कार करू पाहणाऱ्या कलेपुढे एक जुनी अडचण उभी असते. युद्धाची भीषणता जितक्या सामर्थ्याने रंगवावी, तितकी ती आकर्षक होऊन बसते. रणवाद्यांचा घोष ऐकताना श्रोत्याच्या अंगावर काटा उभा राहतो. पण तो भयाचा की उत्साहाचा, हे त्याचे त्यालाही नेमके सांगता येत नाही. भरताने रौद्र आणि वीर हे रस वेगळे मानले, क्रोध आणि उत्साह असे त्यांचे स्थायी भावही वेगळे सांगितले. तथापि प्रत्यक्ष काव्यात या दोहोंमधील सीमारेषा किती सहज पुसली जाते, याची साक्ष महाकाव्यांपासून पोवाड्यांपर्यंत सर्वत्र मिळते. निषेधासाठी उचललेली लेखणी पुष्कळदा न कळत गौरव लिहून जाते.

ज्या कलाप्रकाराचे सारे बळच प्रचंड नादात साठविलेले आहे, त्याच्या बाबतीत ही अडचण दुपटीने वाढते. ‘हार्ड रॉक’ या नावाने ओळखले जाणारे पाश्चात्य लोकप्रिय संगीत हा असा प्रकार होय. ‘ब्लॅक सॅबथ’ या इंग्लिश वाद्यवृंदाने १९७० मध्ये ध्वनिमुद्रित केलेली ‘वॉर पिग्ज’ ही सुमारे आठ मिनिटांची रचना युद्धाविरुद्ध उभी आहे आणि तिचा आवाज मात्र युद्धासारखाच आहे. नादाने रणभूमीशी स्पर्धा करणारे गीत रणभूमीचा धिक्कार करू शकते काय, हा प्रश्न त्यामुळे तिच्या संदर्भात अटळपणे उपस्थित होतो. या प्रश्नाचे उत्तर तिच्या शब्दांत केवळ अंशतः सापडते. त्याचा अधिक महत्त्वाचा भाग तिच्या रचनेत, आणि विशेषेकरून त्या रचनेत मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या जागांत आहे.

२

या संगीतप्रकाराशी ज्यांचा परिचय नाही, त्यांच्यासाठी त्याच्या घटकांचा थोडक्यात उल्लेख करणे अवश्य आहे. येथील मुख्य वाद्य विद्युत्-गिटार होय. तिच्या तारांचा कंप विजेच्या साहाय्याने वाढविला जातो आणि तो इतका वाढवितात की मूळ स्वर फाटतो, खरखरीत होतो. अभिजात संगीतात जो दोष ठरावा, तो येथे गुण म्हणून योजिलेला असतो. दुसरा घटक ‘रिफ’ हा. गिटार आणि खर्जातील बास-गिटार यांनी मिळून वाजविलेला, पुनःपुन्हा येणारा तो एक छोटा स्वरसमूह असतो. बंदिशीतील मुखड्याशी त्याचे दूरचे नाते दाखविता येईल. पण मुखडा हा विस्ताराकडून परत येण्याचे स्थान असतो, तर रिफ हीच भिंत आणि रिफ हेच छप्पर असते. गायन त्याच्यावर उभे राहते किंवा त्याच्या फटींतून डोकावते.

तिसरी गोष्ट ध्वनिमुद्रिकेविषयीची. त्या काळी नभोवाणीवरून वाजण्यासाठी व सुटी विकण्यासाठी काढलेली लहान तबकडी आणि दोन्ही बाजू मिळून चाळीसेक मिनिटांची दीर्घ तबकडी असे दोन मार्ग होते. लहान तबकडीवरील गीत साधारणतः तीन मिनिटांत आटपावे लागे. दीर्घ तबकडीतील गीताला अशी सक्ती नव्हती. ते रेंगाळू शके, मध्येच चाल बदलू शके, शब्द संपल्यावरही चालू राहू शके. ‘वॉर पिग्ज’ अशा दीर्घ तबकडीतील पहिले गीत आहे. त्या संग्रहाला मूळ याच गीताचे नाव द्यावयाचे होते. परंतु संग्रह भरण्यासाठी घाईघाईने रचलेले ‘पॅरानॉइड’ हे लहान गीत ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत चौथ्या स्थानापर्यंत गेले आणि प्रकाशन-संस्थेने संग्रहालाही तेच नाव दिले. मुखपृष्ठ मात्र आधीच्या नावासाठी तयार केलेले होते. त्यामुळे हातात तलवार व ढाल घेतलेला एक विचित्र योद्धा त्या नावाशी काहीही संबंध नसताना आजही मुखपृष्ठावर उभा आहे. सप्टेंबर १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला हा संग्रह ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

३

या गीताचा आशय समजण्यासाठी त्याचे जन्मस्थान ध्यानात घेतले पाहिजे. गायक ऑझी ऑझबर्न, गिटारवादक टोनी आयोमी, बासवादक आणि गीतलेखक गीझर बटलर व तालवादक बिल वॉर्ड हे चौघे बर्मिंगहॅम शहरातील. १९४८ आणि १९४९ या दोन वर्षांत जन्मलेले हे तरुण ॲस्टन आणि त्याच्या परिसरातील कामगार वस्त्यांत वाढले. बर्मिंगहॅम हे शस्त्रे घडविणारे शहर होते आणि म्हणूनच ते बाँबहल्ल्यांचे लक्ष्यही झाले. तेथील ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’ या बंदुकांच्या कारखान्यावर नोव्हेंबर १९४० मध्ये बाँब पडले आणि पन्नासहून अधिक कामगार मृत्यू पावले. युद्ध संपल्यावरही शहरातील पडक्या जागा कित्येक वर्षे तशाच राहिल्या व त्या पिढीची मुले त्यांतच खेळली. युद्ध त्यांच्या स्मरणात नव्हते, पण वस्तीत होते.

या तरुणांचे कामगारजीवन केवळ पार्श्वभूमीपुरते राहिले नाही. ते त्यांच्या नादात उतरले. आयोमी सतरा वर्षांचे असताना पत्रे कापण्याच्या कारखान्यात, तेथील नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्राखाली गेली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका तोच. वितळविलेल्या प्लॅस्टिकची टोपणे करून त्यांनी ती बोटांवर चढविली, हलक्या तारा वापरल्या आणि बोटांना झेपेल असे वादन घडविले. थोडक्या स्वरांचे, जड, ठाम पावलांचे त्यांचे वादन पुढे एका संपूर्ण संगीतप्रवाहाचा आदर्श ठरले. यंत्राने जखमी केलेल्या हाताने युद्धयंत्राविरुद्ध वाजवावे, यात एक दारुण औचित्य आहे. ऑझबर्न यांनीही काही काळ कत्तलखान्यात काम केले होते.

ब्रिटनमधील सक्तीची लष्करी भरती १९६० च्या अखेरीस थांबली आणि तिच्यातील शेवटचे सैनिक १९६३ मध्ये घरी परतले. व्हिएतनाममध्ये सैन्य पाठविण्यासही ब्रिटनने नकार दिला होता. म्हणजे या चौघांवर रणांगणावर जाण्याची वेळ आली नाही. परंतु अटलांटिकपलीकडे त्यांच्याच वयाचे तरुण चिठ्ठ्या टाकून निवडले जात होते, आणि आज ना उद्या आपणांसही ओढले जाईल ही धास्ती बटलर यांनी पुढे बोलून दाखविली आहे. १९७० च्या मे महिन्यात अमेरिकेतील केंट विद्यापीठाच्या आवारात निदर्शकांवर गोळीबार होऊन चार विद्यार्थी ठार झाले. त्याच्या पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये हे गीत मुद्रित होत होते. गीतात व्हिएतनामचे नाव कोठेही येत नाही, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे. नाव न घेतल्यामुळेच ते त्या एका युद्धाबरोबर संपले नाही.

४

या रचनेचे सर्वांत उद्बोधक अंग तिच्या पूर्वरूपात आहे. आरंभी तिचे नाव ‘वाल्पुर्गिस’ असे होते. युरोपीय लोकसमजुतीप्रमाणे ३० एप्रिलच्या रात्री चेटकिणी डोंगरमाथ्यावर जमतात आणि सैतानाचा उत्सव करतात. गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकाच्या पहिल्या भागातील त्या रात्रीचा प्रवेश प्रसिद्धच आहे. या समजुतीवर आधारलेल्या पहिल्या संहितेत प्रेते, चेटूक, अघोर विधी यांची चित्रे होती. त्या संहितेतील गायनाचे मुद्रणही उपलब्ध झाले असून तुलनेसाठी ते अत्यंत उपयुक्त आहे.

अंतिम संहितेत बटलर यांनी काय बदलले? चेटकिणी काढून टाकल्या, असे उत्तर सुचेल. पण ते खरे नाही. चेटकिणी गीतात राहिल्या, मात्र उपमान म्हणून. उपमेयाच्या जागी सेनापती आले. सेनापतींची बैठक ही अघोर विधीसाठी जमलेल्या चेटकिणींच्या मेळ्यासारखी आहे, या साम्यावर गीताचे पहिले कडवे उभे आहे. खरे सैतानपूजक म्हणजे कामकरी वर्गाला लढायला पाठविणारे सत्ताधारी, अशा आशयाचे स्पष्टीकरण बटलर यांनी मुलाखतींतून दिले आहे. भयकथेतील दुष्टता स्मशानात असते. या गीताने ती मंत्रणागृहात नेऊन बसविली. अद्भुताकडून वास्तवाकडे जाताना अद्भुताची भाषा टाकून न देता तिचा रोख बदलावा, ही कल्पना साधी आहे, परंतु सामान्य गीतलेखकाची नव्हे.

पहिल्या महायुद्धातील इंग्लिश कवींनीही मागे सुरक्षित राहून आज्ञा देणाऱ्यांवर कोरडे ओढले होते. सीगफ्रिड ससून यांचा उपहास सेनाधिकाऱ्यांवर होता. विल्फ्रेड ओवेन यांची करुणा सैनिकांसाठी होती. पण हे दोघेही स्वतः खंदकात उभे राहिलेले होते, आणि ओवेन तर युद्धसमाप्तीपूर्वी आठवडाभर आधी, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, रणांगणावरच पडले. त्यांच्या शब्दाला प्रत्यक्ष अनुभवाचा अधिकार आहे. ‘वॉर पिग्ज’ला तो नाही. या गीतातील दृष्टी ज्याला पटावरचे प्यादे म्हणून उचलले जाईल, त्या खालच्या थरातील माणसाची आहे. बुद्धिबळाची ही प्रतिमा गीतातही येते. त्यामुळे त्यात रणांगणाचे तपशील नाहीत. आहे तो कोणी कोणाला पाठविले याचा हिशेब.

५

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बा. सी. मर्ढेकर यांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. त्यांच्या विवेचनातील ही साधने या रचनेला लावून पाहिली असता तिचे अंतरंग बरेच उलगडते.

आरंभ संथ आहे. तीन मात्रांच्या झोक्याने गिटार, बास आणि ताल एकत्र चालतात आणि त्यांच्यावर हवाईहल्ल्याच्या भोंग्याचा चढता-उतरता आक्रोश ऐकू येतो. हा संवाद होय : सर्व नाद एकाच भयाकडे बोट दाखवितात. यानंतर श्रोता मोठ्या स्फोटाची अपेक्षा करतो. येथेच रचना त्याला चकविते. सर्व वाद्ये थांबतात. झांजांच्या जोडीची बारीक टिकटिक तेवढी चालू राहते. मग गिटारचे दोन तुटक आघात, पुन्हा टिकटिक. या रिकाम्या जागेत गायकाचा आवाज येतो, एक ओळ म्हणतो, आणि पुन्हा दोन आघात. गीतातील सर्वांत भीषण शब्द अशा रीतीने जवळजवळ शांततेत उच्चारले जातात.

हा विरोध केवळ नाट्यमय परिणामासाठी नाही. सतत चालणारा ठेका माणसाला आपल्याबरोबर पावले टाकायला लावतो. सैन्यसंचलनाचे सारे रहस्य त्यातच आहे. ठेका तोडला की पाऊल अधांतरी राहते आणि ऐकणारा ऐकू लागतो. हार्ड रॉकचे जे बळ सहज रणवाद्याचे बळ होऊ शकले असते, ते या तुटक जागांनी अडवून धरले आहे. क्रोध आहे, पण त्याला धावू दिलेले नाही; रौद्राचे वीरात रूपांतर होण्याची वाट तेथे बंद होते. राजकारणी लपून बसतात आणि लढण्याचे काम गरिबांकडे सोपवितात, हा आरोप ज्या मधल्या भागात येतो, तेथे मात्र चाल बदलून ठेका वाहू लागतो आणि आवाज भरून येतो. वर्णनाच्या वेळी संयम आणि आरोपाच्या वेळी वेग, अशी ही वाटणी आहे.

समतोलाचे तत्त्व शेवटच्या कडव्यात दिसते. जग अंधारात थांबले आहे, अंतिम न्यायाचा दिवस उजाडला आहे आणि सत्ताधारी गुडघ्यांवर सरपटत क्षमेची याचना करीत आहेत, असे तेथील चित्र. हे कडवे पहिल्या कडव्याच्याच तुटक आघातांवर गायिलेले आहे. ज्या सांगीतिक चौकटीत सेनापती एकत्र जमले, त्याच चौकटीत त्यांचा न्याय होतो. शब्दांनी न सांगितलेला कार्यकारणसंबंध सुरांनी सांगितला आहे. त्यानंतर शब्द संपतात. दीर्घ वाद्यसंगीत सुरू होते आणि अगदी शेवटी मुद्रणफीत वेगाने फिरवून तो नाद कर्कश टोकाला नेलेला आहे. जणू यंत्र माणसांच्या हातून सुटून स्वतःच फिरू लागले आहे.

६

भाषांतराच्या दृष्टीने या गीताचे नावच एक कठीण परीक्षा आहे. इंग्रजीत डुकराच्या प्रतिमेमागे अनेक अर्थच्छाया आहेत. साठोत्तर काळातील निदर्शकांच्या तोंडी तो सत्ताधाऱ्यांविषयीचा शिवीवाचक शब्द होता. ऑर्वेल यांच्या १९४५ मधील ‘ॲनिमल फार्म’ या रूपककथेत क्रांतीनंतर सत्ता बळकावणारे प्राणी डुकरेच आहेत. त्याहून मागे मार्कच्या शुभवर्तमानात पछाडलेल्या माणसातून निघालेली पिशाच्चे डुकरांच्या कळपात शिरतात, आणि त्या पिशाच्चांचे नाव ‘लीजन’, म्हणजे रोमन सैन्याची पलटण, असे दिलेले आहे. बटलर कॅथलिक घरात वाढलेले होते. ही कथा लिहिताना त्यांच्या मनात होती असे म्हणण्याचे कारण नाही, पण त्या भाषेच्या स्मृतीत ती आहे.

मराठीत काय करावे? ‘वराह’ शब्द घ्यावा तर पृथ्वीला दाढेवर उचलून धरणारा विष्णूचा अवतार डोळ्यांपुढे येतो. बदामीच्या चालुक्यांनी तर वराह हे आपले राजचिन्ह केले होते. ‘युद्धवराह’ म्हटल्याबरोबर धिक्काराची बिरुदावली होते. ‘रणडुकरे’ हा शब्द ठसठशीत खरा, परंतु तो कानाला ‘रानडुकरे’ असा लागतो, आणि रानडुक्कर हा शिकाऱ्यावर चालून जाणारा, शूर म्हणून वाखाणलेला पशू आहे. गीतातील डुकरे चालून जाणारी नव्हेत. ती गोठ्यात सुरक्षित राहून पोसली जाणारी आहेत. म्हणून ‘युद्धावर पोसलेली डुकरे’ असा काहीसा पसरट पण प्रामाणिक अनुवादच अधिक बरा.

दुसरी अडचण पहिल्या कडव्यातील यमकाची. तेथे इंग्रजीतील एकच शब्द दोनदा योजून त्याचे त्याच्याशीच यमक साधले आहे; एकदा त्याचा अर्थ जमाव, दुसऱ्यांदा धर्मविधी. कित्येकांनी यास लेखकाची दुर्बलता मानले. परंतु उपमेची दोन्ही टोके एकाच ध्वनीत येऊन मिळावीत, हीच तेथील गरज आहे. मराठीत असा शब्द नाही. विधीसाठी ‘यज्ञ’ शब्द सुचतो. पण तो घेताच सारा अर्थ उलटतो. उद्योगपर्वात कर्ण कृष्णाशी बोलताना येऊ घातलेल्या युद्धाचे वर्णन शस्त्रांचा यज्ञ म्हणून करतो, आणि मराठीत आजही रणात पडलेल्यांना ‘आहुती दिली’ असे म्हणतात. या शब्दांमुळे मरणाला पावित्र्य येते. गीताला नेमके तेच नाकारावयाचे आहे. त्याच्या मते हा विधी आहे, पण उलटा. अनुवादकाने येथे यज्ञ टाळून जारणमारणाच्या शब्दसमूहाकडे जाणे इष्ट. संस्कृतीने युद्धाभोवती विणलेले पावित्र्य किती खोल भाषेत उतरलेले असते, हे अशा एका शब्दाशी झुंजताना ध्यानात येते.

७

या रचनेची मर्यादा सांगितल्याशिवाय तिचा विचार पुरा होणार नाही. गीतात न्याय होतो, पण तो कोण करतो? ईश्वर हाक मारतो आणि सैतान हसत पंख पसरतो. ज्यांची प्रेते शेतांत जळाली, त्यांच्यापैकी कोणीही बोलत नाही. महाभारताच्या स्त्रीपर्वात रणांगणावर पुत्रांची प्रेते पाहणारी गांधारी स्वतः कृष्णाला शाप देते, आणि छत्तीस वर्षांनी यादवकुळाचा नाश होऊन तो शाप खरा ठरतो. तेथे न्यायाचा उच्चार दुःख भोगणाऱ्याच्या मुखातून झाला. ‘वॉर पिग्ज’मध्ये तो आकाशातून येतो. हे राजकीय दुबळेपण आहे, असे कोणी म्हटले तर त्याचे खंडन करणे कठीण. इतकेच म्हणता येईल की, १९७० मध्ये वीस-बावीस वर्षांच्या कामगारपुत्रांना आपल्या शब्दाने सेनापती थांबतील असा भरवसा वाटत नव्हता, आणि नसलेला भरवसा त्यांनी गीतात आणला नाही. त्या काळच्या अनेक शांतिगीतांतील सोपी आशा येथे आढळत नाही, यात प्रामाणिकपणाही आहे.

मात्र या मुक्या राहिलेल्या जागेचे पुढे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. प्रत्यक्ष मैफलींत ऑझबर्न पहिल्या कडव्यातील ओळी मध्येच सोडून देत आणि समोरचा समुदाय त्या म्हणत असे. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅममध्ये ॲस्टन भागातील व्हिला पार्क या मैदानावर हे चौघे अखेरचे एकत्र आले, तेव्हा त्यांनी आरंभ याच गीताने केला. त्यानंतर सतराव्या दिवशी, २२ जुलै रोजी, ऑझबर्न यांचे निधन झाले. हजारो कंठ एका सुरात उठले म्हणजे त्यांतही सैन्याचा भास होऊ शकतो, हे खरे. पण त्या सामूहिक गायनातही प्रत्येक ओळीनंतर वाद्ये थांबतात, ठेका तुटतो, आणि समुदायाला क्षणभर स्वतःच्याच आवाजाची शांतता ऐकावी लागते. संचलनाचे पाऊल त्या जागी पडू शकत नाही. हार्ड रॉकसारख्या गर्जणाऱ्या कलेने युद्धाचा निषेध करावयाचा तो कसा, याविषयी या आठ मिनिटांच्या रचनेने सुचविलेला मार्ग एवढाच आहे. तो लहान असला तरी अद्याप निरुपयोगी झालेला नाही.